'ईसीजी नॉर्मल आहे' या वाक्यावर किती विसंबावे?

धागाकर्ता: तारायंत्र

नमस्कार. माझ्यासमोर टेबलावर थोरल्या भावाच्या ईसीजीच्या दोन पट्ट्या आहेत, एक मंगळवारी संध्याकाळी काढलेली आणि दुसरी त्याच आठवड्यातल्या शनिवारी सकाळची. भावाचे वय ५६, मधुमेह नऊ वर्षांपासून. सोमवारी रात्री जिना चढताना त्याच्या छातीवर दडपण आल्यासारखे झाले, दहा-बारा मिनिटांत ते ओसरले, आणि मंगळवारी तो गावातल्या दवाखान्यात गेला तेव्हा त्याला काहीही होत नव्हते. तिथे ईसीजी काढला, 'नॉर्मल आहे, पित्त असेल' असे सांगून गोळ्या दिल्या आणि खात्रीसाठी पुढच्या सोमवारी ट्रेडमिलची चाचणी करून घ्यायला सांगितले.

शनिवारी तो आमच्या ओळखीच्या फिजिशियनकडे सहज म्हणून गेला. त्यांनी नवी पट्टी काढली, जुनी मागून घेतली, दोन्ही शेजारी ठेवल्या, व्ही२ आणि व्ही३ या लीडमधल्या (छातीवरच्या ठरावीक जागांवरून घेतलेल्या नोंदींमधल्या) टी लहरीवर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटच्या लहरीवर, पेनाचे टोक टेकवले आणि एवढेच विचारले, "ट्रेडमिल कधी आहे म्हणालात? ती आधी रद्द करा." दुपारी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या एलएडी या धमनीत उगमाजवळच ९० टक्के अडथळा निघाला. स्टेंट बसला, भाऊ आता घरी आहे.

मी विद्युत अभियंता आहे. संकेत वाचण्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे ही गोष्ट मनातून जात नाही. फिजिशियनांच्या मते मंगळवारच्या पट्टीतही टी लहर आधी वर जाऊन शेवटी किंचित खाली बुडी मारत होती. शनिवारी ती सरळ उलटी आणि खोल झाली होती. मंगळवारच्या पट्टीवर यंत्राने मात्र ठसठशीत अक्षरांत 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम' असे छापले आहे. मग ईसीजीतून धमनीतला अडथळा नेमका कशाच्या आधारे ओळखतात, तो कधी दिसतो आणि कधी दडून राहतो, आणि छातीत दुखत नसताना काढलेल्या पट्टीला अर्थ किती, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद: ग्रामवैद्य

तारायंत्र, आपल्या भावाला बरे वाटते आहे हे वाचून आनंद झाला. मी तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो, त्या अनुभवावर लिहितो आहे. कुणीही हे वाचून स्वतःची पट्टी स्वतः वाचायला घेऊ नये.

प्रथम यंत्राने छापलेल्या त्या ओळीविषयी. 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम' याचा अर्थ हृदयाचे ठोके नेहमीच्या उगमापासून आणि नेहमीच्या गतीने पडत आहेत, एवढाच. तो तालाविषयीचा शेरा आहे, धमन्यांविषयी त्यात एक अक्षर नाही. पण त्यातला 'नॉर्मल' हा शब्द रुग्णाला दिसतो, नातेवाइकांना दिसतो आणि घाईत असलेल्या डॉक्टरलाही दिसतो. एखाद्याच्या हृदयविकाराचा झटका ऐन भरात असतानाही त्याचा ताल नॉर्मल सायनस असू शकतो.

दुसरी गोष्ट अशी की ईसीजीला धमनी दिसतच नाही. त्याला दिसते ती हृदयस्नायूंमधून जाणारी विद्युत लहर. धमनी अर्धी बुजली तरी बसलेल्या माणसाच्या हृदयाला पुरेसे रक्त मिळत राहते, कारण पुढच्या लहान वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. विश्रांतीतला प्रवाह साधारण ८५ टक्क्यांहून अधिक अरुंदपणा आल्यावरच कमी पडू लागतो. श्रमात मात्र ही तूट कितीतरी आधी उघडी पडते. म्हणूनच श्रमाने छातीत दुखणाऱ्या, एरवी स्थिर असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची विश्रांतीतली पट्टी निर्दोष येते. यात यंत्राचा दोष नाही आणि वाचणाऱ्याचाही नाही. त्या क्षणी स्नायू उपाशी नव्हता, इतकेच.

स्नायू उपाशी पडला की क्यूआरएस (ठोक्याची उंच टोकदार लहर) आणि टी यांच्यामधला सपाट भाग, ज्याला एसटी म्हणतात, तो खाली सरकतो किंवा टी लहर उलटी होते. धमनी पूर्ण बंद झाली आणि भिंतीची संपूर्ण जाडी संकटात सापडली की एसटी वर उचलला जातो. पूर्वी केव्हातरी स्नायू मेला असेल तर रुंद आणि खोल क्यू लहर मागे राहते. एक लहान चौकोन, म्हणजे ०.०४ सेकंद, इतकी रुंद क्यू शेजारच्या दोन लीडमध्ये दिसली तर आम्ही रुग्णाला जुने काही घडले होते का ते पुन्हा विचारतो. मधुमेहींमध्ये अनेकदा उत्तर 'नाही' असेच येते, कारण त्यांना तो झटका कळलेलाच नसतो.

आपल्या भावाच्या पट्टीतल्या खुणेला वेलन्स यांचे नाव आहे. नेदरलँड्समधले हाइन वेलन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये ती मांडली. छातीत दुखले म्हणून दाखल झालेल्या १४५ जणांपैकी २६ जणांत त्यांना ती दिसली, आणि त्यांतल्या ज्या १६ जणांची शस्त्रक्रिया झाली नाही त्यांपैकी १२ जणांना पुढच्या काही आठवड्यांत पुढच्या भिंतीचा मोठा झटका आला. या खुणेचा विचित्रपणा असा की ती दुखणे थांबल्यावर दिसते. धमनी काही वेळ बंद पडून पुन्हा उघडली, याची ती मागे राहिलेली नोंद आहे. दुखत असताना ती पट्टी तात्पुरती सरळही दिसू शकते, आणि ते सरळ होणे चांगले लक्षण नसते. अशा माणसाला ट्रेडमिलवर पळवणे म्हणजे दोरा तुटायला आला आहे हे कळल्यावर त्याला वजन बांधून पाहणे. आपल्या फिजिशियनांनी पेन नेमक्या जागी टेकवले.

प्रतिसाद: पट्टीकार

मी एकोणीस वर्षे ईसीजी तंत्रज्ञ म्हणून काम केले, त्यामुळे टेबलाच्या या बाजूचे सांगतो. डॉक्टर पट्टी वाचतात हे खरे, पण त्यांच्या हातात जाते ती आम्ही घेतलेली पट्टी. व्ही१ आणि व्ही२ यांची जागा उरोस्थीच्या दोन्ही कडांना, चौथ्या फासळीच्या वरच्या नव्हे तर खालच्या खोबणीत, म्हणजे चौथ्या अंतरफासळीत असते. ती शोधायची तर गळ्याखालच्या खाचेपासून बोट खाली सरकवत न्यायचे, उरोस्थीवर आडवा उंचवटा लागतो, तिथे दुसरी फासळी जोडलेली असते, आणि तिथून खाली मोजायचे. गर्दीच्या दवाखान्यात हे मोजणे कुणी करत नाही. नजरेने इलेक्ट्रोड चिकटवतात आणि ते एक-दोन फासळ्या वर जातात. मग व्ही१, व्ही२ मध्ये आर लहर आखूड येते, टी उलटी येते, आणि यंत्र 'जुना अँटेरिअर इन्फार्क्ट (पुढच्या भिंतीचा जुना झटका) असण्याची शक्यता' असे छापून मोकळे होते. चाळिशीतली धडधाकट माणसे असा कागद घेऊन रडवेल्या चेहऱ्याने येताना मी पाहिली आहेत. इलेक्ट्रोड खाली घेऊन दुसरी पट्टी काढली की तो इन्फार्क्ट नाहीसा होतो.

दोन्ही हातांचे चिमटे अदलाबदल झाले तर लीड १ पूर्ण उलटी येते आणि एव्हीआर, म्हणजे उजव्या हाताच्या दिशेने पाहणारी लीड, सरळ होते, हे तर रोजचेच. तारायंत्र, आपण अभियंता आहात म्हणून आणखी एक. रुग्ण हलत असेल, थंडीने थरथरत असेल तर रेष वरखाली तरंगते, आणि ती सरळ दिसावी म्हणून काहीजण फिल्टर लावतात. निदानासाठीच्या पट्टीत खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ ठेवायची असते, ती ०.५ हर्ट्झवर नेली की साध्या यंत्रांत रेष सुंदर सरळ होते, पण एसटीची पातळी खोटी ठरू शकते. पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत फिल्टर, २५ मिमी प्रति सेकंद हा वेग आणि १० मिमी प्रति मिलिव्होल्ट ही उंची छापलेली असते. मी नेहमी आधी तो तळ वाचत असे.

प्रतिसाद: तारायंत्र

पट्टीकार, आपले वाचून लगेच भिंग घेऊन तळ पाहिला. मंगळवारच्या पट्टीवर ०.५ ते ४० हर्ट्झ असे आहे, शनिवारच्या पट्टीवर ०.०५ ते १५०. म्हणजे एसटी सरकणे हे १ मिमी, अर्थात ०.१ मिलिव्होल्ट इतके असले तरी महत्त्वाचे मानायचे, आणि तेवढ्याच फरकाची गडबड फिल्टरची एक कळ करू शकते. आमच्या क्षेत्रात असे उपकरण कुणी स्वीकारले नसते.

प्रतिसाद: शुभदा_के

माझा अनुभव बरोबर उलटा आहे, म्हणून लिहिते. वय ४४, रक्तदाब नाही, मधुमेह नाही, धूम्रपान नाही, कसलाही त्रास नाही. कार्यालयाने दिलेल्या तपासणीच्या पॅकेजमध्ये ट्रेडमिल होती. सातव्या मिनिटाला थांबवले आणि अहवालावर 'पॉझिटिव्ह' असे आले. पुढचे नऊ दिवस मी जिना चढताना कठडा धरत होते आणि रात्री डाव्या कुशीवर झोपत नव्हते. शेवटी सीटी अँजिओग्राफी झाली आणि धमन्या स्वच्छ निघाल्या. त्या नऊ दिवसांचा आणि झालेल्या खर्चाचा हिशेब कुणी द्यायचा? चाचणी चुकली म्हणायचे की माझे नशीब?

प्रतिसाद: ग्रामवैद्य

शुभदाताई, चाचणी तिच्या स्वभावाप्रमाणेच वागली. ती तुमच्यासाठी नव्हती. ट्रेडमिलची आज सर्वत्र चालणारी पद्धत रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये सिएटलमध्ये बसवली: सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढवायचे. एसटी १ मिमी किंवा अधिक खाली गेला आणि आडवा किंवा उतरता राहिला तर चाचणी पॉझिटिव्ह. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले जुने आकडे असे आहेत की आजार असलेल्या १०० जणांपैकी साधारण ६८ जणांना ही चाचणी पकडते आणि आजार नसलेल्या १०० जणांपैकी ७७ जणांना निर्दोष ठरवते. स्त्रियांमध्ये दोन्ही आकडे आणखी खाली येतात. शिवाय डावा कप्पा जाड झालेला असणे, रक्तातले पोटॅशिअम कमी असणे, डिगॉक्सिनसारखे औषध चालू असणे, अशा कारणांनीही एसटी खाली जातो.

गणित तारायंत्र अधिक चांगले करतील.

प्रतिसाद: तारायंत्र

करून पाहिले, आणि करताना दोनदा तपासले, कारण उत्तर पटेना.

शुभदाताईंसारख्या, कोणताही त्रास नसलेल्या १००० जणी घेऊ आणि त्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ५० जणींना आजार आहे असे धरून चालू. चाचणी त्यांतल्या ३४ जणींना पकडेल. पण उरलेल्या ९५० निरोगी जणींपैकी २३ टक्के, म्हणजे सुमारे २१८ जणींनाही पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण २५२ पॉझिटिव्ह अहवाल आणि त्यांतले खरे ३४. म्हणजे अहवाल हातात पडल्यावरही सातांपैकी सहा जणी निरोगीच असतात.

आता माझ्या भावासारखे १००० पुरुष घेऊ, मधुमेही, जिना चढताना छाती दाटणारे, आणि त्यांपैकी ८०० जणांना आजार आहे असे धरू. चाचणी ५४४ जणांना पकडेल, २५६ जणांना सोडेल. निरोगी २०० पैकी १५४ जणांना ती बरोबर निगेटिव्ह म्हणेल. आता निगेटिव्ह अहवाल मिळालेले एकूण ४१० झाले, आणि त्यांतले २५६ आजारी! म्हणजे भावाने सोमवारी ती चाचणी दिली असती, ती सुखरूप पार पडली असती आणि निगेटिव्हही आली असती, तरी आम्ही पेढे वाटून मोकळे झालो असतो आणि अडथळा जागच्या जागी राहिला असता.

एकच यंत्र, एकच १ मिमीचा निकष, आणि अहवालाचा अर्थ मात्र पट्ट्यावर कोण चढले यावर ठरतो.

प्रतिसाद: बारामास

इतके आकडे मांडून तुम्ही लोकांना चाचण्यांपासून दूर करत आहात असे माझे मत आहे. चाळिशीनंतर प्रत्येकाने दरवर्षी ईसीजी काढावा, दोनशे-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे. माझ्या मित्राचा जुना झटका अशाच एका विम्याच्या ईसीजीत सापडला, नाहीतर त्याला कळलेच नसते.

प्रतिसाद: ग्रामवैद्य

बारामास, आपल्या मित्राचे उदाहरण खरे आहे आणि अशी माणसे मीही पाहिली आहेत. तरी अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१८ मध्ये स्पष्टच म्हटले की लक्षणे नसलेल्या आणि धोका कमी असलेल्या प्रौढांत हृदयविकार टाळण्यासाठी ईसीजीने चाळणी लावू नये. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ पासून, छातीत दुखणाऱ्या ज्या रुग्णांत स्थिर अंजायनाची (श्रमाने छातीत दुखण्याच्या विकाराची) शंका असते त्यांच्यासाठीही, पहिली चाचणी म्हणून सीटी अँजिओग्राफी सुचवली आहे.

मात्र एका बाबतीत मी आपल्या बाजूचा आहे. पन्नाशीच्या आसपास, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर, एक चांगली काढलेली पट्टी घरात असावी असे मला वाटते. ती चाळणी म्हणून नव्हे, तुलनेसाठी. काही निरोगी माणसांची टी लहर जन्मभर जराशी वेगळी असते, काहींचा एसटी मुळातच थोडा वर असतो. रात्री दोन वाजता घामाघूम झालेला माणूस समोर असताना 'हे आजचे की पूर्वीचेच?' या प्रश्नाचे उत्तर देणारी जुनी पट्टी मिळाली तर आमची दहा मिनिटे वाचतात, आणि त्या वेळी दहा मिनिटे फार असतात. छातीत दुखणारा रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत पट्टी काढून वाचली गेली पाहिजे हा नियम त्यासाठीच आहे. पहिली पट्टी निर्दोष आली आणि दुखणे चालूच असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा, आणि पुन्हा. सोबत रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, पाहायचे. एका पट्टीवर माणसाला घरी पाठवण्यात माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या चुका मला मोजायला आवडणार नाहीत.

आणखी तीन जागा लिहून ठेवतो, कारण घाईत त्या निसटतात. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली गेलेला दिसला तर तो कधीकधी मागच्या भिंतीच्या झटक्याचा आरसा असतो. इलेक्ट्रोड पाठीकडे, व्ही७ ते व्ही९ वर नेले की तोच एसटी वर उचललेला दिसतो. बहुतेक लीडमध्ये एसटी खाली आणि एकट्या एव्हीआरमध्ये वर, असे चित्र असेल तर डावी मुख्य धमनी किंवा तिन्ही धमन्या अडचणीत असण्याची शंका घ्यावी. एव्हीआर ही लीड विद्यार्थी असताना आम्ही अक्षरशः झाकून ठेवत होतो. आणि २, ३ व एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर असेल तर छातीच्या उजव्या बाजूची व्ही४आर काढल्याशिवाय जिभेखाली नायट्रेटची गोळी देऊ नये, कारण उजवा कप्पा सापडला असेल तर त्या गोळीने रक्तदाब कोसळतो.

एक खुलासा तारायंत्रांसाठी. ट्रेडमिलवर एसटी कोणत्या लीडमध्ये खाली गेला यावरून कोणती धमनी अरुंद आहे हे सांगता येत नाही. बहुतेकांचा तो व्ही५ मध्येच जातो. धमनीचा पत्ता वर उचललेला एसटी सांगतो, खाली गेलेला नाही.

प्रतिसाद: मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे 'स्टेमी गोवा' (स्टेमी म्हणजे एसटी वर उचलला जाणारा झटका) या योजनेत गावच्या आरोग्य केंद्रात काढलेली पट्टी तिथूनच पुढे पाठवली जाते, ती वाचून निरोप येतो, गरज असेल तर गाठ विरघळवणारे इंजेक्शन केंद्रातच देतात आणि मग रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हलवतात. माझ्या शेजाऱ्यांच्या बाबतीत हे मी पाहिले. केंद्रातल्या परिचारिकेने पट्टी काढताना त्यांच्या छातीवरचे केस आधी साबण लावून काढले, घाम पुसला, तेव्हा मला ती वेळ घालवते आहे असे वाटून मी चिडलो होतो. पट्टीकारांचे वाचून आज कळले की ती काय करत होती.

एक शंका आहे. मुलाने मला ईसीजी काढणारे मनगटी घड्याळ दिले आहे. त्याचा यात उपयोग काय?

प्रतिसाद: पट्टीकार

घड्याळ एकच लीड काढते, साधारण आपल्या लीड १ सारखी. ठोके अनियमित पडतात का, हे ते बरे सांगते. दहा इलेक्ट्रोड लावून बारा दिशांनी पाहिल्यावरही जे कधीकधी दिसत नाही ते मनगटावरून दिसेल अशी अपेक्षा करू नये. छातीत दुखत असताना घड्याळाकडे बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

प्रतिसाद: शुभदा_के

म्हणजे माझ्या पॅकेजमध्ये ट्रेडमिल घालणाऱ्याने मला कधी पाहिलेच नव्हते, हा मूळ घोटाळा. पुढच्या वर्षी तो रकाना मी कोरा ठेवणार आहे. डॉक्टर, सीटी स्वच्छ आली असली तरी माझ्या विश्रांतीच्या पट्टीची प्रत मी जपून ठेवते.

प्रतिसाद: तारायंत्र

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट नोंदवून थांबतो. ग्रामवैद्यांचे वाचून मी स्वतःची २०१६ सालची पट्टी फायलीतून काढली. हा कागद उष्णतेने उमटणारा असतो, शाईचा नसतो. नऊ-दहा वर्षांत त्यावरच्या लहरी इतक्या फिकट झाल्या आहेत की खिडकीशी तिरपा धरल्यावरच दिसतात. तेव्हा पट्टी मिळाली की त्याच दिवशी चांगल्या उजेडात तिचा फोटो काढावा, तळाची फिल्टरची ओळ त्यात यावी, आणि पाठीमागे पेनाने तारीख, वेळ आणि त्या क्षणी दुखत होते की नव्हते हे लिहावे. भावाच्या दोन्ही पट्ट्यांच्या मागे मी ते कालच लिहिले.

आणि कृपा करून ती लॅमिनेट करू नये. वहिनींनी जपून ठेवण्याच्या हेतूने मंगळवारची पट्टी आज सकाळी झेरॉक्सच्या दुकानात दिली. दुकानदाराने ती गरम रोलरांमधून काढली आणि दुसऱ्या बाजूने, प्लास्टिकमध्ये नीट बंद झालेला, अथपासून इतिपर्यंत काळाकुळकुळीत कागद बाहेर आला.